काशीरामची शेवटची चढाई

गिरणीचे साहेब राहुटीत शिरले आणि सहाही खेळाडूंच्या दंडांवरच्या काळ्या फिती त्यांनी स्वतःच्या हातांनी ओरबाडून काढल्या. काशीरामची फीत घट्ट होती. ती निघाली तेव्हा दंडावर नखांचे लाल ओरखडे उठले.

"समोर पोलिसांचा संघ आहे, डोकं ठिकाणावर आहे का?" साहेब म्हणाले. "काशीराम, तू बदली कामगार. आज जिंकवलंस तर गिरणीत कायम. राज्याच्या संघाची निवड करणारेही येऊन बसलेत. पण खेळाबाहेरचा एक शब्द तोंडातून निघाला, तर फाटक बंद."

काशीरामने मान डोलावली. तळोज्याकडचं त्याचं शेत बांध फुटून खाऱ्या पाण्याखाली गेलं होतं. घरी बायको हौसा आणि दोन कच्चीबच्ची. मान डोलावण्यावाचून करतो काय?

संघ सात जणांचा, पण उतरणार होते सहाच. डावा कोपरा सांभाळणारा तुळशीराम जानेवारीत मुंबईत मेला. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून लोक रस्त्यावर उतरले होते आणि गोळीबार चालू होता. तुळशीराम मोर्चातही नव्हता; पाव आणायला चाळीखाली गेला होता. त्याचं फुटलेलं डोकं काशीरामनेच मांडीवर घेतलं होतं. त्याच्या जागी नवा गडी घ्यायला संघनायक ताहेरने साफ नकार दिला.

"कोपरा रिकामाच राहील," तो म्हणाला होता. "लोकांना दिसू दे."

पनवेलच्या खाडीकाठच्या मैदानात माणूस मावत नव्हता. पळस्प्यापासून बैलगाड्या आल्या होत्या. खेळ कसला, मारामारीच ती! पहिल्याच पकडीत ताहेरच्या ओठावर कोपर बसलं आणि दात हलले. तो रक्त थुंकला आणि पुन्हा उभा राहिला. वेळ संपत आली तेव्हा गिरणीचा संघ दोन गुणांनी मागे होता, आणि शेवटची चढाई काशीरामची होती.

हुतुतूचा कायदा साधा आहे. एका दमात 'हुतुतू' म्हणत समोरच्यांच्या अंगणात शिरायचं. त्यांनी धरलं म्हणजे गडी मेला असं नाही. दम चालू आहे तोवर तो जिवंत. धरलेल्या अवस्थेत नुसतं बोट जरी मधल्या रेषेला लागलं, तरी धरणारे सगळे बाद. दम तुटला तर आपण बाद. आणि 'हुतुतू' सोडून दुसरं काही म्हटलं, तर पंचाने शिट्टी वाजवायची. शिट्टी झाली की सगळ्यांनी हात सोडायचे.

काशीराम रेषेपाशी आला. समोर दयाराम वाकून उभा होता. काशीरामच्याच तळोज्याकडचा पोरगा, आता शिपाई झालेला. लहानपणापासून दोघे एकमेकांना पाडत आले होते.

"काय रं काश्या, तुमचा कोपऱ्यावाला कुठं हाय?" दयाराम हसला. "पाव घेऊन अजून आला नाय काय?"

काशीरामने छाती भरून दम घेतला. रेषा ओलांडली आणि त्याच्या तोंडून निघालं, "मुंबई, मुंबई, मुंबई, मुंबई..."

साहेब खुर्चीतून उठले. काशीरामला वाटलं होतं, आता शिट्टी वाजेल, आपण बाद होऊ; बोलायचं ते बोलून झालं. पंच पनवेलच्या शाळेतले म्हातारे गुरुजी होते. त्यांनी शिट्टी ओठांपर्यंत नेली, काशीरामकडे पाहिलं आणि हात खाली घेतला.

दयारामने घोट्याला मगरमिठी घातली. आणखी दोघे त्याच्या कमरेवर आदळले. काशीराम तोंडावर पडला, दातांत माती गेली. चौथ्याने त्याच्या गुडघ्यावर सगळा भार टाकला.

"हुतुतू म्हण!" तो मागून गुरगुरला.

"मुंबई, मुंबई..."

पाय उलटा पिरगळला गेला. ओला बांबू फुटावा तसा आवाज झाला. तो आवाज कडेच्या लोकांनीही ऐकला.

"पंच, शिट्टी मारा!" ताहेर किंचाळला. "खुदाके वास्ते मारा! पाय गेला त्याचा!"

गुरुजींचे डोळे भरून आले होते. शिट्टी मुठीत तशीच राहिली.

काशीरामला आता कमरेखाली काही कळत नव्हतं. तो कोपरांवर सरपटला. चौघे पाठीवर घेऊन सरपटला. दम संपत आला, शब्दाचा नुसता घरघराट उरला, आणि त्याचं बोट चुन्याच्या रेषेला लागलं.

तेव्हा शिट्टी वाजली. चौघे बाद! गिरणी जिंकली!

लोक दोर तोडून आत घुसले. कुणीतरी दगड भिरकावला आणि बंदोबस्ताचे शिपाई लाठ्या घेऊन तुटून पडले. ताहेर काशीरामवर पालथा पडला. त्याच्या पाठीवर लाठ्या बसत होत्या आणि प्रत्येक फटक्याला तो खालच्याला विचारत होता, "शुद्धीत हायस ना रे?"

गर्दी पांगली तेव्हा गुरुजी धडपडत आले.

"जिंकलास, बाळा!"

काशीरामने आपल्या पायाकडे पाहिलं. टाच पुढे आली होती.

"गुरुजी, शिट्टी का नाय मारली?"

"तुझा शब्द मधेच तोडवेना रे."

"शब्द मी उद्या परत बोललो असतो, गुरुजी. पाय कुठून आणू?"

गुरुजी तिथेच मातीत बसले.

साहेब जिंकलेली ढाल मोटारीत ठेवत होते. निवड करणारे कधीच निघून गेले होते.

"त्याला दवाखान्यात पोचवा," साहेब म्हणाले. "गिरणीत मात्र आणू नका. बाकीचे चला, बसा."

दोघे मान खाली घालून मोटारीत बसले. ताहेर आणि उरलेल्या दोघांनी राहुटीची कनात जमिनीवर अंथरली आणि काशीरामला तिच्यावर निजवलं.

"बस म्हटलं ना, ताहेर!" साहेब ओरडले. "नाहीतर तूही येऊ नकोस."

ताहेरने वर पाहिलंसुद्धा नाही. चौथं टोक धरायला माणूस नव्हता. गर्दीतून दयाराम पुढे आला, वाकला आणि ते टोक त्याने उचललं. काशीरामने तोंड दुसरीकडे फिरवलं. पण "सोड" असं म्हणण्याएवढाही दम त्याच्यात उरला नव्हता.