उकळलेलं औषध

टेकडीवरची पाइनची झाडं हेंड्रिकाला या नाताळात सजावटीसाठी विकायची होती. नवरा योरिस गेल्यावर शेत टिकणार ते या झाडांच्याच जिवावर. नाहीतर टोरंटोला लेकीकडे एक खोली तिची वाट पाहत होती. आणि नेमक्या मे महिन्यात झाडांवर करवतमाशीच्या अळ्या पडल्या. फांदीला हात लावला की सगळा घोळका एकदम माना वर करायचा. मालकीण कोण, तेच कळेना.

"तुमच्यासारखेच समुद्रापलीकडचे पाहुणे," शेजारचा ऑर्व्हिल म्हणाला. "बोटीतून आले नि इथलं खाऊन माजले."

"मी कष्ट करून खाते हो!" हेंड्रिका फणकारली.

हसत त्याने बरणी पुढे केली. आत रोगाने मेलेल्या अळ्या वाटून कालवलेलं करडं पाणी. "फवारा. यांचा रोग त्यांना लागेल."

वासानेच तिने बरणी लांब धरली. हेंड्रिकाच्या घरात जॅमची बरणीसुद्धा उकळल्याशिवाय भरली जात नसे. तिने ते पाणी गाळलं, खदखदा उकळलं, मगच फवारलं. अळ्या मजेत चरत राहिल्या. चार-सहा दिवसांनी ती तणतणत ऑर्व्हिलच्या दारात उभी राहिली.

"उकळलंत?" तो पायरीवरच बसला. "अहो बाई, रोगच मारलात की! सूप केलंत सूप!"

हेंड्रिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हसू ओसरल्यावर तो आत गेला आणि दुसरी बरणी घेऊन आला.

या वेळी तिने नाक दाबून तसंच फवारलं. हळूहळू अळ्या मलूल होऊन फांद्यांना लोंबू लागल्या. झाडं हिरवी राहिली.

लोण्याचा केक घेऊन ती आभार मानायला गेली. ऑर्व्हिल गोठ्यामागच्या उतारावर होता. तिथली त्याची कंबरेएवढी पाइनची झाडं अळ्यांनी पार बोडकी केली होती. शेंड्यांवर तेवढी नवी पालवी.

"ती दुसरी बरणी यांच्यासाठी होती?"

"हं."

"मग मला का दिलीत?"

"माझी लहान आहेत. शेंडे शाबूत आहेत, भरतील दोन-तीन वर्षांत. तुमची याच नाताळात जायची." त्याने केकचा तुकडा मोडला. "आणि तुम्ही टोरंटोला गेलात तर मी भांडायचं कोणाशी?"

फटकारायला तिने तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. "फार उपकार झाले हो, ऑर्व्हिल," ती म्हणाली आणि त्याच्याशेजारी गवतातच बसली.