ओढणाऱ्यालाच विसावा

माझा लेक शिवणकारखान्यात कापड कापायचा. कातरीवर हात असा, की खडूची रेघ ओढायचीही गरज नसे. आता त्याच हातात मी पाण्याचा पेला देते आणि तो अंथरुणावर सांडतो.

त्या कारखान्याची रीत ऐका. मधली सुट्टी नाही. पण सिगारेट ओढणारा मागच्या कट्ट्यावर गेला तर त्याला कोणी हटकत नाही. न ओढणारा उठला, की मालक म्हणणार, "तुझं काय काम बाहेर? हातात तर काही नाही." कंबर टेकायला मिळावी म्हणून माझ्या लेकाने पहिली सिगारेट धरली. पुढे तिने त्याला सोडलं नाही.

त्या दुपारी हातातली कातर गळाली. तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. इस्त्रीवाला म्हणाला, "दादाला तलफ आली असणार." धरून कट्ट्यावर नेलं, सिगारेट पेटवून ओठांत खोचली. ती गळून पडली. या शहाण्यांनी पुन्हा खोचली! गाडी बोलवायचं सुचलं तोवर व्हायचं ते होऊन गेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, धुराने रक्तवाहिन्या खराब होतात, रक्ताची गुठळी होते. ती मेंदूत अडकली. लगेच आणलं असतं तर हात वाचायची आशा होती."

मग मालक फळं घेऊन आला. माझ्या सुनेला म्हणाला, "वहिनी, त्याची जागा तुम्ही घ्या."

"येते. पण दुपारी थोडा वेळ कट्ट्यावर बसणार."

"बायका कुठे ओढतात?"

"ओढत नाहीत. कंबर मात्र त्यांनाही असते."

"एकीला दिलं की सगळे मागतील."

"मागू देत," मी म्हटलं. "जरा टेकायचं तर आधी काळीज जाळायचं, हा कुठला न्याय रे?"

लेकाने चांगला हात उचलून मालकाच्या खिशाकडे बोट दाखवलं. मालकाने खिशातलं सिगारेटचं पाकीट तळव्याने झाकलं आणि निघून गेला.

घरात दुसरी कमाई नाही, म्हणून सून दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी कामाला गेली. तरी दुपारी तिने कातर खाली ठेवली आणि रिकाम्या हातांनी कट्ट्यावर जाऊन बसली. आतून मालकाची हाक आली. ती उठली नाही. इस्त्रीवाल्याने पेटवलेली काडी विझवली आणि तिच्या शेजारी टेकला.

बायांनो, बाप्यांनो, तुमच्या कामावर कोणाला उठू देतात आणि कशाच्या बदल्यात, तेवढं उद्या डोळे उघडून बघा.