शॅपच्या घाटातलं उट्टं

सकाळपासून एनॉक रोस्ट्रननं त्या मैदानाला इतक्या चकरा मारल्या होत्या, की कुंपणापलीकडच्या मेंढ्यांनीसुद्धा त्याच्याकडे मान वर करून बघायचं सोडून दिलं होतं. मागे शॅपचा घाट धुक्यात डोकं खुपसून पडला होता. मैदानात जुन्या लॉऱ्या ओळीनं उभ्या. लेलँड, फोडेन, अल्बियन, स्कॅमेल, सगळ्या नवरीसारख्या नटवलेल्या, आणि एकेकीभोवती म्हाताऱ्यांचं कोंडाळं. कुणी टायरला लाथ मारून बघतोय, कुणी सांगतोय की आमच्या केबिनमध्ये हीटर नव्हता, आम्ही पँटमध्ये वर्तमानपत्रं कोंबायचो, वरून शेजारचा म्हणतोय, तुम्हाला पँट तरी होती.

"बस की जरा," एनॉकची बायको वेरा घडीच्या खुर्चीत विणत बसली होती. "पायाला भिंगरी बांधल्यासारखा काय फिरतोयस?"

"शग येणार आहे."

"येणार आहे तर येईल. तुझ्या फिरण्यानं काय ग्लासगो जवळ येतंय?"

एनॉक बसला. एका गुडघ्यावर दुसरा टाकला, मग दुसऱ्यावर पहिला. मग उठला.

त्याचं कारणच तसं होतं. पस्तीस वर्षांचं उट्टं काढायचं राहिलं होतं.

क्रंबलहोम ब्रदर्स ही कंपनी जेव्हा होती आणि मोटरवे जेव्हा नव्हता, तेव्हाची गोष्ट. एनॉक मँचेस्टरहून माल भरून उत्तरेला निघायचा आणि शग मॅकअस्किल ग्लासगोहून दक्षिणेला. दोघं गाठ पडायचे इथं, शॅपच्या कॅफेवर. एक एक मग चहा, आणि मग लॉऱ्यांची अदलाबदल. एनॉक शगची लॉरी घेऊन मँचेस्टरला परत, शग एनॉकची घेऊन ग्लासगोला परत. माल पोचायचा, ड्रायव्हर आपापल्या घरी झोपायचे. नऊ वर्षं हेच. म्हणजे नऊ वर्षांची दोस्ती, पण मोजायला गेलं तर रोज एका मगाएवढी. एका केबिनमध्ये दोघं कधी बसले नाहीत. एकानं दुसऱ्याला चालवताना कधी पाहिलं नाही. पण सीट गरम असायची, आणि सीटवर काय वाढून ठेवलंय ते सांगता यायचं नाही. कधी शगनं आरसे आकाशाकडे वळवून ठेवलेले. कधी एनॉकनं शगच्या थर्मासमध्ये गार ग्रेव्ही भरलेली. एकानं केलं की दुसऱ्यानं फेडायचं, असा चोख कारभार.

आणि मग ती शेवटची फेरी. शगनं जाता जाता लॉरीच्या मागे शिकाऊ ड्रायव्हरची पाटी अडकवली. पांढऱ्यावर लालभडक 'एल'. एनॉकला पत्ता नाही. प्रेस्टन गेलं, विगन गेलं, मागून येणारा प्रत्येक ड्रायव्हर हॉर्न मारतोय, हात करतोय. एनॉकला वाटलं, आपला केवढा मान. तोही राजासारखा हात हलवत गेला. थेट डेपोच्या फाटकातून आत. तिथं सगळे कपडे धुवायला आल्यासारखे वाकून वाकून हसत होते. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत लँकेशायरभर त्याचं नाव 'शिकाऊ'. चार कंपन्या बदलल्या, नाव त्याच्या आधी जाऊन बसलेलं असायचं.

फेडणार कसं? त्याच आठवड्यात क्रंबलहोमनं कंपनी विकून टाकली. फेऱ्या बंद. शग तिकडेच राहिला, एनॉक इकडेच.

आता ग्रेहम नावाच्या एका प्लंबरनं क्रंबलहोमची एक जुनी एटकिन्सन लॉरी कुठल्याशा शेतातून, कोंबड्यांच्या तावडीतून सोडवून आणली होती. बाटलीसारखा हिरवा रंग, साईसारखा पट्टा, लाल चाकं, दारावर सोनेरी अक्षरं. सहा वर्षांचे रविवार घातले बिचाऱ्यानं तिच्यावर. आज ती पहिल्यांदा मेळाव्यात आलेली, आणि ग्रेहमनंच शोध काढून शगला बोलावलं होतं.

सकाळी ग्रेहम बेकनचं सँडविच आणायला गेला, तेव्हा एनॉकनं केबिनमधलं इंजिनाचं झाकण उचललं आणि धूर दिलेला एक लांबलचक हेरिंग मासा एक्झॉस्टच्या पाइपाला तारेनं आवळून बांधला. इंजिन तापलं की मासा भाजणार. बोंबील परवडला असा वास. शगला केबिनमध्ये बसवायचं, गप्पांना लावायचं आणि मजा बघायची. त्या विचारानं एनॉकला दोन रात्री झोप नव्हती.

दुपारी एक निळी गाडी आली. शगची मुलगी मॉरेग उतरली, तिनं पलीकडचं दार उघडलं आणि बापाला हाताला धरून काढलं.

केवढा दांडगा गडी होता. आता कोट खुंटीला अडकवल्यासारखा त्याच्या अंगावर लोंबत होता. डावा हात कोटाच्या खिशात, उजव्या हातात काठी.

"शग," एनॉक म्हणाला. "ओळखलंस का? मी, एनॉक."

शगनं मैलाच्या दगडाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं आणि नजर मेंढ्यांकडे नेली.

"ईस्टरला अर्धांगाचा झटका येऊन गेला," मॉरेग हळूच म्हणाली. "बाबा हल्ली फार बोलत नाहीत."

अशा माणसाचं उट्टं काढायला आपण मासा बांधून ठेवलाय. एनॉक वळला आणि गुडघ्यांनी परवानगी दिली तेवढ्या वेगानं एटकिन्सनकडे सुटला.

उशीर झाला होता. ग्रेहमनं पाहुण्याच्या सन्मानार्थ इंजिन केव्हाच सुरू करून ठेवलं होतं. ते आपलं घुडघुड करत तापत होतं.

"ग्रेहम, जरा बंद कर रे."

"का बंद? मॅकअस्किल साहेबांना ऐकू दे की."

"मला झाकणाखाली जरा बघायचंय."

"इंजिन चालू असताना झाकणाला कुणी हात लावायचा नाही. मला बोटं वेचायची नाहीत." आणि ग्रेहमनं मॉरेगच्या मदतीनं शगला अलगद ड्रायव्हरच्या सीटवर चढवलंसुद्धा.

एनॉक दुसऱ्या बाजूनं चढला. दोघांच्या मध्ये ते गरम झाकण. एनॉकनं टोपी काढली, टोपीच्या आड झाकणाची कडी चाचपली. चटका बसला. बोट तोंडात घातलं. पुन्हा चाचपली. शग समोरच्या काचेतून निर्विकार बघत होता. आणि मग तो वास आला. आधी एक लकेर, मग हळूहळू पूर्ण बंदर.

"हवा बदलली वाटतं," एनॉक घाईघाईनं म्हणाला. "मेंढ्या असतील. आठवतं का शग, आपण इथं झाकणावर पाय गरम करायचो, म्हणजे तू तुझे, मी माझे, वेगवेगळे. काच उघडू का? काच उघडतो. तुला बरं वाटतंय ना? पाणी हवंय? मॉरेगला बोलावू?"

काचेची मूठ निखळून त्याच्या हातात आली. काच होती तिथंच.

शगनं नाक वर केलं. एकदा हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"फ्लीटवुड बंदरातला मासा," तो म्हणाला. "आमच्या मॅलेगच्या माशाला असा ओल्या कुत्र्यासारखा वास येत नाही. आणि पुढच्या टोकाला बांधलायस, शिकाऊ. मागचा पाइप जास्त तापतो."

"तू बोलतोस?"

"न बोलायला काय झालं?"

"तुझी पोरगी म्हणाली, फार बोलत नाहीत!"

"फार नाहीच बोलत. इंग्रज माणसाशी काय फार बोलायचं? तुझं तोंड बघितलंस का पण? मयताला आल्यासारखं. गाडीत बसल्यापासून पाठ करत आलोय, मेंढ्यांकडे कसं बघायचं ते."

"तुझी पोरगीही सामील?"

"तिचीच कल्पना."

एनॉकनं त्याला तोंड भरून शिव्या दिल्या. पस्तीस वर्षं साठवलेला माल होता, भराभर उतरवला. शग डोळे मिटून, जुनं गाणं ऐकावं तसा ऐकत होता. शिव्या संपल्यावर एनॉक म्हणाला, "बरं, आता तो हात काढ खिशातनं. नाटक संपलं."

"तो काढता येत नाही," शग म्हणाला. "ते नाटक नाही."

इंजिन घुडघुडत राहिलं. एनॉकनं त्या खिशाकडे बघितलं आणि मग खाली, शगच्या डाव्या बाजूला उभ्या असलेल्या गिअरच्या दांड्याकडे. त्याला काय ते कळलं. पाय शाबूत, उजवा हात शाबूत, आणि दांडा डाव्या हाताचा.

"मला वाटलं होतं, एकदा हलवेन," शग म्हणाला. "ग्रेहमचं पत्र आलं तेव्हा. नुसती या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत. मग लक्षात आलं."

एनॉक झाकणावर आडवा झाला, पोटाला चटके बसले तरी हात लांब केला आणि दांडा धरला.

"क्लच दाब," तो म्हणाला.

"वेडा आहेस का? या गिअरपेटीला कानानं गिअर घालावा लागतो. एकाचा पाय नि दुसऱ्याचा हात?"

"नऊ वर्षं एकच लॉरी दोघांनी चालवली. आता एकदम चालवू. दाब."

खाली उभ्या ग्रेहमला काय चाललंय ते उमगेपर्यंत एटकिन्सन हलली होती. तो वरातीतल्या घोड्यापुढं पळावं तसा पुढं पळू लागला, दोन्ही हात पसरून. "माझा रंग! अहो, माझा रंग!"

पहिला गिअर लोण्यासारखा. दुसरा थोडा कुरकुरला.

"झोपलायस का?" शग ओरडला.

"पाय उचल लवकर, पेडलवर अंडी उबवतोयस?"

तिसरा बसला. मैदान मागे सरकू लागलं. शगचा उजवा हात स्टिअरिंगच्या चाकावर असा पडला होता, जशी मांजर आपल्या ठरलेल्या उशीवर पडते. एनॉकला त्याचं चालवणं पहिल्यांदाच दिसत होतं. इतकी वर्षं त्यानं सीटच्या खड्ड्यावरून आणि क्लचच्या झिजेवरून ताडलं होतं, हा गडी गाडी मारत नाही, समजावतो. खरं होतं ते. मासा सडकून भाजत होता. दोघांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि दोघंही माशाला दोष द्यायला मोकळे होते.

टोकाला कुंपणाजवळ थोडा चढ होता. तिथं सगळी म्हातारी मंडळी कप घेऊन उभी. खालचा गिअर घालायची वेळ आली आणि एनॉकच्या बोटांना खाज सुटली. दांडा आपल्या हातात आहे. मधेच सोडला, न्यूट्रलला, की गाडी ऐन चढावर, ऐन लोकांसमोर गुरगुरत थांबणार. पस्तीस वर्षांचं उट्टं, व्याजासकट. त्यानं शगकडे तिरका डोळा टाकला. शग चढाकडे बघत होता, पोरासारखा.

एनॉकनं मन घट्ट केलं. जाऊ दे, आज नको. इंजिनाचा सूर ऐकला, नेमक्या क्षणी, अगदी प्रेमानं दांडा खाली ओढला.

आणि शगनं क्लच दाबलाच नाही.

असा काही खर्रर्र आवाज झाला, की धुक्यातल्या मेंढ्या पळाल्या. चहा पिणारी शंभर डोकी एकदम वळली. त्या मैदानात कुणी चोरी केली असती तरी चाललं असतं, पण गिअर खडखडवणं म्हणजे देवळात शिंकरणं. शगनं आपल्या बाजूच्या उघड्या खिडकीतून उजवा हात बाहेर काढला आणि शांतपणे बोटानं एनॉककडे दाखवलं. तेवढा वेळ चाकाला कुणीच धरलं नव्हतं. खाली ग्रेहम कुठल्याशा देवाचं नाव घेत होता.

"शिकाऊच राहिलास तू," शग म्हणाला, आणि मग हसू लागला, कोट गदगदा हलेपर्यंत.

संध्याकाळी वेरा गाडी चालवत होती. एनॉक शेजारी. सीट मागे घेतली, पुढे घेतली. पट्टा सैल केला, आवळला. मध्येच स्वतःशी "हरामखोर" म्हणाला आणि मांडीवर थाप मारली.

"आता तरी स्वस्थ बस," वेरा म्हणाली. "भेटलात ना? झालं ना?"

"झालं कुठं? आज आणखी दोन उट्टी वाढली. वेरा, उद्या सकाळी प्रेस्टनहून ग्लासगोची आगगाडी किती वाजता आहे?"

"अरे पण ती माणसं आज पेनरिथला मुक्काम करणार आहेत. उद्या दुपारपर्यंत तो घरी पोचायचासुद्धा नाही."

"तेच तर," एनॉक म्हणाला. "शगच्या शेजारीणबाईंकडे त्याच्या घराची किल्ली असते, मॉरेगच म्हणाली. तो पोचायच्या आधी मला पोचलं पाहिजे. जरा पाय दाब की, पन्नासवर काय रांगतेयस?"