दाबून राहिलेलं बटण

शहाऐंशी साली पोळा झाल्यावर सहा आठवड्यांत वाघाने डोंगरटोल्याच्या जंगलात तीन माणसं मारली. तिघंही गवत कापायला गेलेली होती आणि तिघंही सकाळी, चांगल्या उजेडात गेली. म्हणूनच लोकांना जास्त धाक बसला. रात्री दार लावून घेता येतं. दिवसा कामाला जायचं नाही, हे कसं जमणार?

डोंगरटोल्याला वनखात्याचं रेंज ऑफिस होतं आणि तिथे खुशाल रामटेके वायरलेस ऑपरेटर होता. वय सव्वीस. वडील सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रात मजूर होते, आणि घरातली पहिली सरकारी नोकरी खुशालची. नागपूरला पंधरा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन तो आला तेव्हा जीपमध्ये त्याच्या मांडीवर एक खोकं होतं. खोक्यात हातात धरायचे चार सेट होते. ऑफिसातला मोठा सेट टेबलावर बसला, त्याच्या अँटेनाचा खांब सागाच्या शेंड्यांच्याही वर गेला, आणि चार लहान सेट चार वनरक्षकांना मिळाले.

खुशाल त्या सेटांची फार निगा राखायचा. बॅटऱ्या रात्रभर चार्जरवर लावायचा, लाइट गेली तर वही उघडून चार्जिंगचे किती तास राहिले ते लिहायचा. बॅटरीची पितळी टोकं खोडरबराने घासून चकचकीत करायचा. अँटेना धरून सेट उचललेला त्याला खपत नसे. वनरक्षकांना त्याने ऑफिसच्या व्हरांड्यात बसवून शिकवलं होतं. बटण दाबा, मनात एक म्हणा, मग बोला. आधी नाव, मग जागा, मग काम. बोलणं झालं की बटण सोडा, कारण बटण दाबलेलं असेपर्यंत तुम्हाला कोणाचंच ऐकू येणार नाही. आणि चॅनल एकच आहे, म्हणून एक जण बोलत असताना बाकीच्यांनी गप्प राहायचं.

ऑगस्टमध्ये एका सेटात पाणी गेलं. तो नागपूरला दुरुस्तीला गेला, तीन आठवडे तिथेच राहिला, आणि खुशालला वरून मेमो आला. त्यानंतर त्याने खताच्या पोत्यातल्या आतल्या प्लास्टिकच्या पिशव्या जमवल्या, त्या धुऊन वाळवल्या, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या, आणि प्रत्येकाला सेट पिशवीत घालून वरून रबर बांधायला लावलं. घट्ट बांधा, थेंब आत जाता कामा नये, असं त्याने प्रत्येकाला दोनदा सांगितलं.

वाघाचं सुरू झाल्यावर रेंजर साहेबांनी जंगल बंद केलं. जंगलातल्या नाल्याच्या अलीकडे पिंजरा लावला. चार वनरक्षकांनी आपापल्या भागात फिरून गवत कापणाऱ्यांना परत पाठवायचं आणि दर तासाला ऑफिसला हजेरी द्यायची, असं ठरलं. दोघं दोघं मिळून फिरावं असं लटारू गेडामने सुचवलं होतं. पण माणसं चार आणि जंगल मोठं, म्हणून ते राहून गेलं. सेट आहेत ना, असं साहेब म्हणाले. खुशाललाही ते तेव्हा बरोबरच वाटलं होतं.

लटारू गेडाम पंचेचाळिशीचा, त्याच जंगलात वाढलेला माणूस. चालताना त्याच्या पायाखाली पान वाजत नसे. त्याच्या शेजारचा भाग लहानू गुरनुलेकडे होता. लहानू बत्तीस वर्षांचा, अंगाने आडवा, मदतीला आधी धावणारा. आग लागली, जीप फसली, कोणाचा बैल नाल्यात अडकला, की लहानू पहिला.

अश्विनातली गोष्ट. लवकर येणारे हलके धान निसवून लोंब्या धरल्या होत्या. सकाळपासून आभाळ भरलेलं, बारीक झिमझिम चालू. दहा वाजता चौघांनीही ठीक असल्याचं कळवलं. खुशालने वहीत चार खुणा केल्या आणि चहाचा कप उचलला.

तेवढ्यात मोठ्या सेटमधून आवाज यायला लागला. बोलणं नव्हतं. कपडा घासल्यासारखी खसखस, प्लास्टिकची चुरचुर, आणि मधून श्वास. कोणीतरी बटण दाबून बोलायला विसरलं असेल म्हणून खुशाल थांबला. आवाज थांबला नाही. मिनिट झालं, दोन झाली. मग कोणीतरी गुणगुणायला लागलं, गोंडी गाण्याची एकच ओळ, पुन्हा पुन्हा. तो लटारू होता.

खुशालने माइक ओढला आणि लटारूला हाक मारली. उत्तर आलं नाही. येणारच नव्हतं. काय झालं असेल ते त्याच्या लक्षात आलं. हजेरी देऊन लटारूने सेट पुन्हा पिशवीत घातला असणार. पाऊस लागत होता म्हणून रबराचा आणखी एक वेढा खाली दिला असणार, घट्ट. तो वेढा बटणावर बसला होता.

आता लटारूचा सेट फक्त बोलत होता. त्याला काही ऐकू येणार नव्हतं. आणि चॅनल एकच असल्याने बाकीच्या तिघांनाही लटारूच्या खसखशीशिवाय काही ऐकू येणार नव्हतं. ऑफिसचा सेट मोठा खरा, पण लहानूसारख्या लटारूच्या जवळ असलेल्या माणसाच्या कानात जवळचाच आवाज भरणार. बॅटरी उतरेपर्यंत हे असंच चालणार, अर्धा तास किंवा पाऊण. बॅटरी रात्रभर लावून त्यानेच पूर्ण भरली होती.

तो उठून साहेबांकडे जाणार, तोच सेटमधून वानराचा खॅक असा आवाज आला. एकदाच. लटारूचं गुणगुणणं थांबलं. पुन्हा खॅक, खॅक. मग चितळाची कर्कश शिटी.

खुशालला जंगलाचं फारसं कळत नव्हतं, पण वाघाची चाहूल लागली की जनावरं असा इशारा देतात, एवढं कळत होतं. लटारू उभा राहिला होता. त्याचा श्वासही ऐकू येत नव्हता. मग तो चालू लागला, आधीपेक्षा हळू. थोडा वेळ गेला आणि पुन्हा वानर ओरडलं, या वेळी दुसरंच, जास्त जवळून. लटारू जिकडे जात होता, इशारे त्याच्या मागे मागे येत होते.

खुशालने साहेबांना हाक मारली. साहेब आले, टेबलाला हात टेकवून उभे राहिले. कोण आहे, कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. कोण ते खुशालला सांगता आलं. कुठे, ते सांगता आलं नाही. लटारूचा भाग आठ किलोमीटर पसरलेला होता. जीप कोणत्या वाटेने घालायची?

मग लटारू बोलला. दबक्या आवाजात, पण स्पष्ट.

"खुशालबाबू, मी लटारू गेडाम. आयकू येते का?"

तो उत्तरासाठी थांबला. माइक त्याच्या हातात होता आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

"बाबू, बोला ना. सेटमंधून काई येऊन नाई राह्यलं." प्लास्टिक चुरचुरलं. तो पिशवीवरून बटण दाबत होता, सोडत होता. रबर मात्र सोडत नव्हतं.

"रबर काढा, लटारूभाऊ," खुशाल पुटपुटला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा सेटकडे.

कोणी ऐकत नाही असं लटारूला वाटलं असेल. तरी त्याने शिकवल्याप्रमाणे केलं. पुन्हा नाव सांगितलं, मग जागा. नाल्याच्या वरच्या अंगाला, जुन्या कोळसाभट्टीजवळ, मोठ्या बेहड्याच्या झाडाखाली. मग काम. "वाघ मांगं हाय. मले दिसून नाई राह्यला. मी झाडावर चढतो."

साहेब तेवढ्यावर धावले. बंदूक घेतली, ड्रायव्हरला हाक मारली. खुशाललाही जायचं होतं, पण त्याने सेटपाशीच राहावं असं त्यांनी जाता जाता बजावलं. जीप गेली. चिखलाच्या वाटेने भट्टीपर्यंत पोचायला तिला अर्धा तास तरी लागणार होता.

खोलीत खुशाल एकटा राहिला. सेटमधून साल खरवडल्याचा आवाज आला, फांदी करकरली, लटारू धापा टाकत होता. तो वर पोचला होता. झाडावर माणूस बसून राहिला तर जीप येईपर्यंत काही होणार नव्हतं.

मग त्याच्या मनात आलं की लटारूचं बोलणं बाकीच्यांनीही ऐकलं असेल. लहानू कोळसाभट्टीपासून जेमतेम एक किलोमीटरवर होता. नाल्यातून गेलं तर दहा मिनिटांची वाट. लहानू थांबेल का? खुशालला उत्तर माहीत होतं. त्याने माइक तोंडाशी धरला, लहानूचं नाव घेतलं, जागेवर राहा, नाल्यात उतरू नका, असं तो सांगत राहिला. दर वेळी बटण सोडलं की लटारूचा श्वास तसाच. आपलं कोणाच्या कानावर पडतंय की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

आठ-दहा मिनिटं अशी गेली. पाऊस थांबला होता. झाडावर लटारूच्या अंगाखाली पाणी टपटपत होतं, ते टपटपणंही सेटमध्ये येत होतं.

"दिसला," लटारू अचानक म्हणाला. "बाबू, दिसला. तो आता..."

नेमकी तिथे सेटने कर्कश शीळ धरली. दोन सेट एकाच वेळी बोलले की येते तशी. खुशालने कान स्पीकरला लावला. शिळेच्या आड लटारूचे शब्द तुकड्यातुकड्यांनी येत होते, "नाल्यात" आणि "उतरला". मग शीळ तुटली.

दुसरं कोणी बोललं, हे खुशालला समजलं, आणि कोण बोललं तेही. लहानूने बटण दाबलं होतं. मी येतो, असं काहीतरी त्याला सांगायचं असेल. तेवढ्या चार-पाच सेकंदांत लटारूने वाघ नाल्यात उतरल्याचं सांगितलं, आणि बटण दाबलेलं असल्यामुळे ते लहानूला ऐकू आलं नाही.

खुशाल ओरडला. माइकमध्ये ओरडला, मग खोलीतच ओरडला. बाहेरचा चपराशी दारात येऊन उभा राहिला.

"लहानू!" ही हाक लटारूची होती, सेटला नव्हे, जंगलाला मारलेली. "मांगं फिर! नाल्यात हाय तो, मांगं फिर!"

नंतर जे ऐकू आलं ते खुशालने पुढे कधी कोणाला सांगितलं नाही. ते फार वेळ चाललं नाही. मग फांद्या मोडल्या, लटारू खाली उतरला, कमरेची कुऱ्हाड झाडांवर ठोकत, ओरडत धावला. त्याचा आवाज बारीक होत गेला. लटारू लांब गेला म्हणून की बॅटरी उतरली म्हणून, ते खुशालला आधी कळेना. मग सेटमधून नुसती खरखर उरली, आणि तीही थांबली.

चॅनल मोकळा झाला. खुशालने लहानूला हाक मारली. मग उरलेल्या दोघांना. ते दोघं लगेच बोलले. आम्ही सगळं ऐकलं, आता काय करू, असं विचारू लागले. त्याने त्यांना गावाकडे जायला सांगितलं. लहानूला त्याने आणखी पंधरा-वीस वेळा हाक मारली.

दुपारी जीप परत आली. मागे लहानू होता, साहेबांच्या रेनकोटाने झाकलेला. लटारू त्याच्या पायाशी बसून आला होता. वाघाला त्याने हाकलून लावलं होतं, पण तोवर उशीर झाला होता. उतरल्यावर लटारूने पिशवीतला सेट खुशालच्या टेबलावर ठेवला. रबराचे तीन वेढे होते. तिसरा बटणावर.

"मी लय घट्ट बांधलं, बाबू," तो म्हणाला.

"मीच सांगतलं होतं," खुशाल म्हणाला.

रिपोर्ट लिहायची वेळ आली तेव्हा सेटमध्ये तांत्रिक बिघाड झाला असं लिही, म्हणजे कोणावर येणार नाही, असं साहेबांनी सुचवलं. ते वाईट माणूस नव्हते. खुशालने एक रात्र विचार केला आणि खरं ते लिहिलं. रबर बांधण्याची सूचना माझी होती, बटणाची बाजू मोकळी ठेवा हे मी सांगितलं नव्हतं, असं त्याने स्वच्छ अक्षरात लिहून खाली सही केली. तो कागद वर गेला. त्याचं पुढे काय झालं, कोणी वाचला की नाही, त्याला कधी कळलं नाही.

पण एवढ्याने त्याच्या मनाचं समाधान झालं नाही. आठव्या दिवशी तो सायकलने लहानूच्या गावाला गेला. लहानूची माय अंजनाबाई अंगणात मोहाच्या झाडाखाली सूप घेऊन बसली होती. सुपात काही नव्हतं. खुशाल समोर जमिनीवर बसला आणि त्याने तिला सगळं सांगितलं. रबराचं, बटणाचं, आपल्या सूचनेचं. मशिनीचे शब्द तिला कितपत समजले कोण जाणे. त्याचं संपल्यावर तिने एवढंच विचारलं.

"तो काई बोलला का, बाबू? तुमच्या मशिनीत?"

खोटं सांगणं सोपं होतं. तुमचं नाव घेतलं म्हणून सांगितलं असतं तर तिने ते जन्मभर जपलं असतं. खुशालला ते सुचलंही.

"बोलला," तो म्हणाला. "बटन दाबून बोलला. पन दुसरा सेट चालू होता, माय. मले नुसती शीळ आयकू आली. त्याचे शब्द नाई आले."

"कोनालेच नाई आले?"

"कोनालेच नाई."

अंजनाबाईने मान हलवली. बराच वेळ ती सुपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग उठली, आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. खुशाल पाणी प्यायला. पिंजरा अजून रिकामाच होता आणि आदल्या दिवशी पलीकडच्या टोल्याच्या वस्तीजवळ वाघाचे ताजे माग दिसले होते, हे दोघांनाही माहीत होतं. तिने उन्हाकडे पाहिलं.

"निंगा आता," ती म्हणाली. "आन वाटेत कोनी भेटलं तं संगं घ्या. एकटे नोका जाऊ."