शेरा : गेलं

ज्योत्स्नाने वजनकाट्याची झोळी तुळईला अडकवली, दोनदा ओढून पाहिली आणि नऊ बाळांची नऊ कोरी कार्डे सतरंजीवर ओळीने मांडली.

"हं, भागीबाई, बोलवा एकेकीला. आधी चिमाजीचं बाळ."

"ते गेलं, ताई."

"गेलं ते ठाऊक आहे मला. तुम्हीच तर लिहिलंय शेऱ्यात. परत कधी आलं?"

भागीबाई या पाड्याची आरोग्य स्वयंसेविका. तिने मांडीवरची नोंदवही उगाचच सरळ केली.

"द्राक्षाचं काम संपलं ना?" ज्योत्स्ना म्हणाली. "चिमाजीच तर मघाशी जीपपुढे वाट दाखवत होता."

"चिमाजी आला. त्याची बायको बी आली."

"आणि बाळ?"

"गेलेलं कसं येल, ताई?"

दारात उभा असलेला ललित मोकळेपणाने हसला. तालुक्याच्या आरोग्य कार्यालयातून तो 'शून्य बालमृत्यू पाडा' अशा अक्षरांचा निळा फलक घेऊन आला होता आणि भिंतीत खिळा टिकेल अशी जागा शोधत होता.

"मॅडम, सुरगाण्याकडची माणसं. बोलणं असं कोड्यातच असतं."

ज्योत्स्ना हसली नाही. हातातले कार्ड तिने सतरंजीवर पालथे ठेवले.

तीन वर्षांपूर्वी तिचे वडील वारले, तेव्हा नाशिकच्या घरातून तिनेच सगळ्या नातेवाइकांना फोन केले होते. प्रत्येकाला एकच वाक्य सांगितले होते : बाबा गेले. कुठे गेले, असे एकानेही विचारले नव्हते. आणि त्याच वर्षी, त्याच टेबलाशी बसून, पश्चिमेच्या डोंगरातल्या अडतीस पाड्यांच्या नोंदवह्या संगणकात कशा भरायच्या याची सूचनापत्रिका तिने लिहिली होती. सातव्या कलमात म्हटले होते : शेऱ्याच्या रकान्यात 'गेले', 'गेली', 'गेलं' असे आढळल्यास ते हंगामी स्थलांतर समजावे व बालक एकूण संख्येतून वगळावे. कलम निःसंदिग्ध होते. तिच्या संशोधन संस्थेतल्या मार्गदर्शकांनी त्याचे कौतुकही केले होते.

"नऊही?" तिने विचारले.

"नऊबी."

"कामावर कोणीच नव्हतं गेलं?"

"कामाला जातात त्ये आम्ही 'द्राक्षाला' लिवतो. ह्ये बघा." भागीबाईने पान उलटले. "पुंजाराम, द्राक्षाला. बयाबाई, द्राक्षाला. पोर गेलं तर 'गेलं' लिवतो. दुसरं काय लिवायचं?"

ललितचा हातोडा खाली आला होता. "मॅडम, जरा बाहेर येता?"

"इथेच बोला."

"सोमवारी यादी फायनल होणार." त्याने आवाज खाली आणला, पण खोली एवढीशी, की दारालगत बसलेल्या सुलाबाईलाही शब्दन् शब्द ऐकू जात होता. "तुमच्याच अहवालावरून. शून्य मृत्यूचे पाडे अतिजोखमीतून बाहेर, दर बुधवारची डॉक्टरची गाडी दुसरीकडे. आता मागचे नऊ काढून बसलात तर अडतीसच्या अडतीस वह्या पुन्हा उघडाव्या लागतील. अहवाल छापून झालाय. तुम्हीच सांगा."

छापून झाला होता हे खरे. एकशे बारा पाने, जाड पुठ्ठा, मुखपृष्ठावर नागलीच्या शेतात हसणारी एक आई. 'आरोग्यविषयक समता' हा शब्दप्रयोग त्यात इतक्यांदा आला होता की शेवटी तो नुसता टंकाचा ठसा उरला होता. समता साधण्याची इतकी स्वस्त रीत याआधी कोणाला सुचली नसेल. जे मेले ते मोजायचेच नाहीत. मग उरलेले सगळे जिवंत असतात आणि प्रमाण शंभरावर शंभर येते.

सुलाबाईला सातवा महिना होता. भागीबाईची ती सून. नऊ कार्डांतले शेवटचे तिच्या पहिल्या मुलीचे होते.

"ही गाडी बंद होनार का?" सुलाबाईने सासूला विचारले. ज्योत्स्नाकडे तिने पाहिलेसुद्धा नाही.

ज्योत्स्नाने पर्समधून पेन काढले आणि नोंदवही जवळ ओढली. आवाज तिने शक्य तितका समंजस ठेवला. प्रशिक्षण शिबिरांत ठेवायची तसाच.

"भागीबाई, चूक तुमची नाही. पण सरकारी कागदावर सरकारी शब्द लागतो. मी सांगते तसं लिहा. म, य, त..."

भागीबाईने पेन घेतले आणि समासात एका झटक्यात लिहिले : मयत. शिरोरेघ सरळ, वळण घोटीव.

"येतं की मला. सातवी झाली माझी."

"मग इतके दिवस का नाही लिहिलंत?"

"धोंडाबाईनं लिवलं व्हतं ना. पल्याडच्या पाड्याची. चार डाव लिवलं, मयत, मयत. तिला काढली."

ज्योत्स्नाच्या डोळ्यांपुढे आले चार वर्षांपूर्वीचे नाशिकचे सभागृह, पडद्यावरचा बालमृत्यूंचा आलेख, सदतीस ठेंगण्या पट्ट्या आणि एकच उंच लाल पट्टी. त्या पट्टीच्या बाईला, धोंडाबाईला, सगळ्यांपुढे उभे केले होते. त्या वर्षीच्या अहवालाच्या परिशिष्टातले वाक्य तिला आताही स्वल्पविरामांसकट पाठ होते : समुपदेशनात हयगय, सबब स्वयंसेविका बदलण्याची शिफारस. खाली कोणाची सही होती हे आठवावे लागले नाही.

"तवा आम्ही समद्या तिथंच व्हतो," भागीबाई म्हणाली. तिच्या स्वरात तक्रार नव्हती. झालेली गोष्ट सांगावी तसे ती सांगत होती. "येताना एसटीत ठरलं. गेलं लिवायचं. खोटं बी नाय आन् कुनाची नोकरी बी जायाची नाय."



"आता लिहा," ज्योत्स्ना म्हणाली. "नऊही."

"आन् मला काढली तर? मंग ह्ये लिवनार कोन?"

"लिहा. जबाबदारी माझी."

भागीबाईने क्षणभर तिच्याकडे रोखून पाहिले. मग एकेक 'गेलं' खोडून ती शेजारी नवा शब्द लिहीत गेली. नवव्या ओळीपाशी तिचा हात थांबला; सुलाबाई उठून बाहेर गेली, तेव्हाच तो पुढे सरकला. मृत्यूच्या प्रत्येक नोंदीपुढे आणखी एक रकाना असतो : हयगय कोणाची. तो तिने कोरा सोडला आणि वही ज्योत्स्नापुढे फिरवली.

"मॅडम," ललित म्हणाला, "विचार करा."

ज्योत्स्नाने नऊ वेळा तेच नाव लिहिले, पूर्ण, आडनावासकट. शाई वाळेपर्यंत तिने वही मिटू दिली नाही.

भागीबाईने ती परत घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि जोडाक्षरावर बोट ठेवून अडखळत वाचले.

"ज्यो... त्... स्ना." तिने मान वर केली. "ही कोन बाई, ताई? आपल्या पाड्याची तर नाय."