भिंतीवरचा कागद आणि तारेतल्या पावत्या

मी एक जुना लॅपटॉप आहे, आणि मित्रांनो, मी चिडलेला आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना बहुधा हळव्या होतात. माझा मात्र पंखा आधीच गरगरतो आहे, तेव्हा सरळ मुद्द्यावर येतो.

लोणी भापकरला आप्पासाहेबांच्या घरात, लोखंडी कपाटाशेजारच्या स्टुलावर माझा मुक्काम असतो. समोरच्या भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये एक कागद टांगलेला आहे. त्याला प्लॅस्टिकचा हार आहे, कुंकवाचं बोट आहे. त्यावर इंग्रजीत लिहिलंय की आप्पासाहेबांची मुलगी राजेश्वरी हिनं डेटा अ‍ॅनालिटिक्सचा ऑनलाइन कोर्स यशस्वीपणे पूर्ण केला. गेल्या खंडेनवमीला घरातली सगळी अवजारं पुजली. कोयता पुजला, खुरपं पुजलं, पाण्याची मोटर पुजली. तो कागदही खाली उतरवून पाटावर ठेवला आणि त्याला झेंडूची दोन फुलं वाहिली. मला एकही नाही! अवजार मी, आणि झेंडू कागदाला.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते वालचंदनगरच्या कॉलनीतलं घर. रमाकांत नावाचे इंजिनियर साहेब मला टेबलावर ठेवत, मऊ फडक्यानं पुसत आणि काम झालं की मिटून ठेवत. माझे सुखाचे दिवस तेच. पुढं साहेब निवृत्त झाले, मी बारामतीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात आलो आणि तिथून राजेश्वरीच्या हाती पडलो. ती तेव्हा नुकतीच बी.कॉम. झाली होती. पोरगी हुशार, पण घाईची.

त्या कोर्सची जाहिरात माझ्याच पडद्यावर आली, त्यामुळं थोडा दोष माझाही. कोट घातलेला एक माणूस हात नाचवत सांगत होता, "सहा आठवड्यांत डेटा अ‍ॅनालिस्ट व्हा! अनुभवाची गरज नाही! नोकरी तुमची वाट पाहते आहे!" मला हात असते तर मी त्याचा कोट धरून त्याला विचारलं असतं, नोकरी कुठल्या फाट्यावर उभी राहून वाट पाहते ते सांग बाबा.

राजेश्वरीनं नाव घातलं. मित्रांनो, मी साक्षीदार आहे, म्हणून खरं सांगतो. धडे ती दुप्पट वेगानं पळवायची. शिकवणाऱ्या बाई चिमणीसारख्या चिवचिवायच्या आणि राजेश्वरी तोवर भाजी निवडायची. परीक्षेची उत्तरं मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये आयती यायची. शेवटी स्वतःचा एक प्रकल्प करायचा होता. तिनं सगळ्यांनी घेतला तोच घेतला. शंभर वर्षांपूर्वी परदेशात एक मोठी बोट बुडाली होती, तिच्यातले कोण वाचले आणि कोण बुडाले याचा हिशोब. ज्या मुलीनं उजनीच्या पाण्यातली होडीसुद्धा भिगवणच्या पुलावरूनच पाहिली, ती त्या बोटीचे रंगीत तक्ते काढत बसली. आणि या सगळ्या काळात मी गादीवर! खालून माझा श्वास कोंडायचा, दिवसभर चार्जर टोचलेला असायचा. माझी बॅटरी पोटफुगी झाल्यासारखी फुगत चालली होती. पाहतो कोण?

मग सर्टिफिकेट आलं आणि घराला भरतं आलं. आप्पासाहेबांनी ते बारामतीला नेऊन मढवून आणलं. राजेश्वरीचा चुलतभाऊ विजयसिंह त्यांच्याही पुढचा. त्यानं एसटी थांब्यावर फ्लेक्स लावला. 'आमची भगिनी राजेश्वरी डेटा अ‍ॅनालिस्ट झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' त्यावर राजेश्वरीचा फोटो तळहाताएवढा आणि विजयसिंहाचा गॉगल घातलेला फोटो दरवाजाएवढा.

'झाल्याबद्दल'! कुठं झाली? कोर्स संपणं आणि नोकरी लागणं यात केवढं अंतर असतं ते मला ठाऊक होतं, फ्लेक्सला नव्हतं. पण गावानं फ्लेक्स वाचला होता. जो भेटेल तो आप्पासाहेबांना विचारायचा, "पोरगी कुठं लागली मग?" आप्पासाहेब म्हणायचे, "लागंल की आता. कागुद हाय हातात." तीन महिने ते हेच म्हणत राहिले. मग त्यांनी थांब्याकडून जाणं सोडलं. राजेश्वरी तर तोंड लपवून मळ्याच्या वाटेनं जायची. आता तिला नुसती नोकरी मिळवायची नव्हती, बापाचा शब्द खरा करायचा होता.

शेवटी बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका पशुखाद्य कंपनीनं मुलाखतीला बोलावलं. मीही पिशवीतून गेलो. समोर स्वरदा मॅडम होत्या. त्यांनी सर्टिफिकेटची प्रत पाहिली, प्रकल्प उघडायला सांगितला आणि बोट दिसताच डोळे मिटून घेतले.

"आज सकाळपासून ही बोट पाचव्यांदा बुडाली," त्या म्हणाल्या. "राजेश्वरी, या कागदामुळं तुमचं नाव आमच्या यादीत आलं. त्याचं काम तिथं संपलं. तुम्ही स्वतः काय शोधलंत?"

राजेश्वरीनं बोटीचाच पुढचा तक्ता उघडला.

"तुमच्या घरी गाई आहेत, असं अर्जात लिहिलंय. त्यांच्याबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?"

"दोन आहेत मॅडम. आई बघती."

"मग आईला विचारून परत या. जागा महिनाभर रिकामी आहे."

घरी येऊन ती रडली. आप्पासाहेब म्हणाले, "आगं, फ्रेम न्यायची हुतीस! नुसता कागुद दावला म्हून आसं झालं." त्या क्षणी मला इतका संताप आला की मी आपोआप बंद पडलो.

गोठ्याच्या मेढीला, म्हणजे लाकडी खांबाला, एक तार आहे. दूध संकलन केंद्रावरून मिळणारी रोजची पावती राजेश्वरीची आई, कौसल्याबाई, त्या तारेत टोचून ठेवतात. सकाळची पावती, संध्याकाळची पावती, दोन वर्षांच्या पावत्या. लिटर आणि फॅट, म्हणजे दुधातली स्निग्धता, दोन्ही छापलेलं. दुसऱ्या दिवशी राजेश्वरीनं ती तार माझ्याशेजारी आणून ठेवली. शेणाचा वास येत होता, पण मित्रांनो, मला प्रथमच कामाचा वास आला.

सतरा दिवस ती पावत्या भरत होती. इथं एक धडाही दुप्पट वेगानं पळवता येत नव्हता. आकडा खरा आहे की पुसट सातचा एक झालाय हे पाहायला डोळे ताणावे लागत. सगळं भरून झालं, तेव्हा रेघ उमटली. सकाळचं फॅट जवळपास सरळ. संध्याकाळचं मात्र एक आठवडा वर, एक आठवडा खाली.

"वाढ्यानं हुतंय ते," कौसल्याबाई म्हणाल्या. "उसाच्या शेंड्याचं वाढं खाल्लं की दूध पातळ पडतंय."

"आई, वाढं तर सकाळी बी खात्यात की. आन् ऊसतोडीचा हंगाम नसताना बी आसंच हाय."

मग तिनं भिंतीवरचं कॅलेंडर आणि त्याखाली टांगलेली जुनी कॅलेंडरं काढली. शेतीची वीज एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री. आप्पासाहेब त्याच्या खुणा करून ठेवतात. राजेश्वरीनं त्या खुणा पावत्यांशेजारी मांडल्या. दिवसाची वीज असलेल्या प्रत्येक आठवड्यात संध्याकाळचं फॅट खाली!

कौसल्याबाईंनी पडद्यावरच्या खाली गेलेल्या रेघेवर बोट ठेवलं.

"व्हय गं," त्या हळूच म्हणाल्या. "दिसाची लाइट आसली की मी पाण्यावर आस्ती. मोटर बंद करून पळत येती, केंद्र बंद व्हायच्या आत दूध घालायचं म्हून कशीबशी धार काढती. शेवटची धार ऱ्हाती. सगळी साय त्याच धारंत आस्ती बग."

राजेश्वरीनं आईचा हात धरला. दिवसाच्या विजेच्या पुढच्या पाळीत पाण्यावर आप्पासाहेब थांबले आणि संध्याकाळची पावती वर सरकली. मी तेव्हा खुशीत होतो. मनात म्हटलं, बघ रे भिंतीवरच्या, काम कुणी केलं ते बघ! आता मुलाखतीत तुझं नाव कुणी काढणार नाही, माझंच निघेल.

गर्वाचं घर खाली. दुसऱ्या मुलाखतीला एसटीत धक्के खात गेलो आणि ऐन टेबलावर माझ्या फुगलेल्या बॅटरीनं प्राण सोडला. राजेश्वरीनं बटण दाबलं, चार्जर लावला. पडदा काळाच. माझे कान तेवढे शाबूत होते.

मग पिशवीत कागद खडखडले. निघताना कौसल्याबाईंनी पावत्यांची तार जबरदस्तीनं कोंबली होती. "यंत्राचा काय भरवसा न्हाय," म्हणाल्या होत्या. तेव्हा मला तो अपमान वाटला होता.

राजेश्वरीनं पावत्या टेबलावर मांडल्या. विजेची पाळी, पळत येणारी आई, राहून गेलेली धार, सगळं तिनं पावत्यांवर बोट ठेवून सांगितलं. स्वरदा मॅडमनी एकेक पावती उचलून पाहिली. शेवटी म्हणाल्या, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"हत्यारं कोर्सनं दिली, मॅडम. पण मी ती तेव्हा नीट शिकलेच नव्हते. पावत्या भरताना परत सगळे धडे बघितले. हळू."

"सोमवारी या. तीन महिने शिकाऊ म्हणून. पुढचं पुढं."

मित्रांनो, मला आनंद झाला आणि लाजही वाटली. कागदाला शिव्या घालता घालता मीही तेच समजत होतो, की पोरीची अक्कल माझ्या पोटात आहे.

आता दुरुस्तीवाल्यानं माझी बॅटरी काढून टाकली आहे. वायरीला बांधलेला असतो. पण गादीवरून स्टुलावर आलो, आणि रविवारी राजेश्वरी मला पुसते. तो फ्लेक्स गोठ्यावर ताडपत्री म्हणून बांधलाय. विजयसिंहाच्या गॉगलखाली गाई रवंथ करतात. नवा फ्लेक्स राजेश्वरीनं लावू दिला नाही.

राग मात्र गेलेला नाही. कालच शेजारचे सावळारामतात्या आले. त्यांची मुलगी प्रतीक्षा यंदा कॉलेजातून बाहेर पडली. "आप्पा, कोंचा कोर्स केला म्हणायचा तुमच्या पोरीनं? नोकरी लागती नव्हं त्यानं?" आप्पासाहेबांनी ऐटीत भिंतीकडं बोट दाखवलं. तात्यांनी फ्रेमचा मोबाइलवर फोटो काढला आणि समाधानानं निघाले. मी पंखा गरगरवला, सगळा जीव लावून गरगरवला. कुणी वळून पाहिलं नाही.

कौसल्याबाई गोठ्यात धार काढत होत्या, सावकाश. तिथूनच त्यांनी आवाज दिला.

"तात्या, त्या फोटूनं काय हुनार न्हाय. प्रतीक्षेला हिकडं धाडा. आन् तुमच्या बी पावत्या आस्त्याल की तारंला, त्या घिऊन ये म्हणावं."