अर्धा सूत

आमच्या धाकटीनं नोकरी सोडून चामड्याच्या सामानाचं दुकान काढलं, तेव्हा पहिल्या महिन्यात आत आलेल्या गिऱ्हाइकांपैकी निम्मी तुटक्या चपला हातात घेऊन आली होती. काचेमागं चामड्याच्या गुंडाळ्या, दोरे, आऱ्या मांडलेल्या बघून लोकांना वाटायचं, इथं शिवून मिळतं. धाकटी प्रत्येकाला समजावून सांगायची, "इथं शिवून मिळत नाही, शिवायचं सामान मिळतं. तुम्ही घरी शिवू शकता." माणूस तिच्याकडे असा बघायचा, जशी काही तिनं त्याला घरच्या घरी दाढ उपटायला सांगितलीय.

दुकान म्हणजे एकच लांबट खोली. पुढं काउंटर, दोन्ही भिंतींना फळ्या, आणि मागच्या खिडकीखाली ह्यांचं टेबल. हे चौतीस वर्षं चपलांच्या कारखान्यात साचे बनवत होते. पोलादाची पट्टी घ्यायची, नमुन्याच्या कागदाबरहुकूम वाकवायची, टोकाला टोक जोडायचं आणि खालच्या कडेला धार लावायची. असा साचा चामड्यावर ठेवून वरून एक दणका दिला, की हवा तो आकार कापून निघतो. निवृत्त झाल्यापासून पाच वर्षं हे घरीच होते. घरातल्या नळांचे वायसर इतक्या वेळा बदलून झाले होते, की नळसुद्धा वैतागले असतील.

धाकटीनं ह्यांच्याकडून पाकिटाचा, चष्म्याच्या घराचा, वहीच्या वेष्टणाचा असे लहान लहान साचे करून घेतले आणि विकायला ठेवले. कुणी हात लावेना. मग तिच्या डोक्यात आलं, की साचे लोकांना नुसते वापरायला द्यायचे. पंधरा दिवस घरी न्या, चार वस्तू कापून बघा, आवडला तर ठेवा, नाही तर परत आणून द्या.

हे म्हणाले, "हत्यार आणि दात घासायचा ब्रश, दोन्ही उसने देऊ नयेत."

"बाबा, फळीवर धूळ खात पडण्यापेक्षा बरं ना?"

ह्यांनी एक दिवस कुरकुर केली. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाशी बसून पट्टी वाकवायला लागले ते बारा साचे करूनच थांबले. काम करताना शीळ घालत होते. ती शीळ मी पाच वर्षांनी ऐकली. भाजी निवडायचं सोडून मी मुद्दाम थोडा वेळ दुकानातच बसून राहिले.

दारात पाटी लागली आणि खरोखर माणसं आली. एक निवृत्त बसड्रायव्हर पाकिटाचा साचा घेऊन गेले आणि तीन दिवसांत परत आले. खाली लाकूड न ठेवता त्यांनी तो ओट्याच्या दगडावरच ठोकला होता. धार पार दातेरी झाली होती. ह्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि घरात कुणी गेल्यासारखं तोंड केलं. मग उठले, धार पुन्हा लावली आणि साच्याबरोबर लाकडाची फळीही त्यांच्या हातात दिली. दवाखान्यातली एक नर्स तिच्या कात्रीसाठी म्यान करून घेऊन आली आणि येताना तिघी मैत्रिणींना घेऊन आली. दुकानात हळूहळू बोलणं ऐकू यायला लागलं.

एकच साचा परत आला नाही. चष्म्याच्या घराचा. बावीस दिवस झाले तेव्हा धाकटीनं वही उघडली. "फोन लागत नाही. पत्ता आहे. जुन्या बाजारामागची बोळ, पाण्याच्या टाकीशेजारी."

हे कानस चालवत होते. कानस थांबली. "नाव काय लिहिलंय?"

धाकटीनं वाचलं. कुणा बाईचं नाव होतं. पण आडनाव ऐकल्यावर ह्यांनी कानस खाली ठेवली, हात पुसले, आणि म्हणाले, "मी जाऊन येतो." दारापर्यंत गेले आणि वळून मला म्हणाले, "तूपण चल."

अडतीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला असं कुठं चल म्हटलं नव्हतं. डोळ्याच्या ऑपरेशनलासुद्धा एकटेच निघाले होते, मीच मागून गेले. मी पदर सारखा केला आणि निघाले.

वाटेत हे आपणहून बोलायला लागले. कारखान्याच्या आधी हे एका उस्तादाकडं काम शिकायचे, एवढं मला माहीत होतं. तिथं ह्यांच्या बरोबरीचा आणखी एक जण होता, हे नव्हतं. दोघं एकाच सायकलवरून यायचे. चढ आला की एकानं उतरून ढकलायची, पुढच्या चढाला दुसऱ्यानं. दिवसभर भिजलेल्या चामड्याचा वास अंगाला लागायचा, तो जायचा नाही. सिनेमाला गेले की शेजारच्या दोन खुर्च्या आपोआप रिकाम्या व्हायच्या, मग दोघं पाय पसरून बसायचे. ह्यांच्या कानामागं कायम मोजपट्टी खोचलेली, म्हणून उस्ताद ह्यांना 'पट्टी' म्हणायचा. त्या दुसऱ्याच्या हातात चामडं कापायची रापी अशी फिरायची, की नखाएवढंही वाकडं जायचं नाही. त्याचं नावच 'रापी' पडलं.

सांगताना ह्यांची चाल भरभर झाली होती. मी विचारलं, "एवढा जिवाभावाचा माणूस, मग आपल्याकडं कधी आला कसा नाही?"

"टाकी आली," हे म्हणाले.

दार एका तरण्या बाईनं उघडलं. आम्हाला बघून ओशाळली. "काका, दुकानातून आलात ना? मी कधीच परत करणार होते. पण सासरे देतच नाहीत."

आत बुटक्या लाकडी पाटावर एक काटकुळा म्हातारा बसला होता. पुढ्यात गुळगुळीत झालेली दगडी लादी, पाण्याचं भांडं, लाकडी ठोकळा. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यानं मान वर केली, ह्यांच्याकडं पाहिलं.

"पट्टी, चपला बाहेर काढ. फरशी आत्ताच पुसलीय."

चाळीस वर्षांनी भेटलेल्या माणसाशी हे पहिलं बोलणं. ह्यांनी मुकाट्यानं चपला काढल्या. मला तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही खुर्चीवर बसा. ह्याला बसू दे खाली."

सुनेनं पाणी आणलं. रापीनं फडक्यात गुंडाळलेला आमचा साचा काढला आणि चष्म्याची दोन घरं शेजारी शेजारी ठेवली. "हे तुझ्या साच्यानं सूनबाईनं कापलं. हे मी हातानं कापलं. तुझा चष्मा दोन्हींत घालून बघ."

ह्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पहिल्यात घातला. अडकला. दुसऱ्यात अलगद गेला.

"जाड चामडं दुमडलं की आतली जागा खातं," रापी म्हणाला. "अर्धा सूत जास्त धरायला हवं होतं." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे भांडण नखाच्या जाडीएवढ्या जागेवरून चाललं होतं.

"तो पातळ चामड्याचा साचा आहे."

"मग तसं लिहायचं त्यावर. माणूस हाताला येईल ते चामडं घेतो."

"लिहितो."

आत कुकरची शिट्टी झाली. मग रापी ठोकळ्यावरून हात फिरवत म्हणाला, "टाचेतसुद्धा अर्धा सूत खाल्ला होतास."

हे खाली फरशीकडं बघत राहिले.

"कसली टाच?" मी विचारलं.

"सांगितलेलं दिसत नाही वहिनींना."

तेव्हा ह्यांनी सांगितलं. त्या माणसासमोर, त्याच्या सुनेसमोर, माझ्याकडं न बघता. उस्तादाकडं असताना रापीनं बायकांच्या चपलेचा एक नमुना काढला होता. हलकी, अंगठ्याशी पट्टा वळवलेली, दिवसभर घातली तरी पाय न दुखणारी. त्या चपलेसाठी बायका ताटकळत थांबायच्या. नमुन्याचा पुठ्ठा खिळ्याला टांगलेला असायचा. त्याच सुमारास कारखान्यानं साचे करणारा माणूस शोधायला घेतला आणि ह्यांना सांगितलं, काहीतरी करून दाखव. एका दुपारी रापी जेवायला गेला, तेव्हा ह्यांनी तो पुठ्ठा काढून घेतला, त्यावरून साचा केला आणि पुठ्ठा परत खिळ्याला अडकवला. नोकरी लागली. कारखान्यानं त्या साच्यावर हजारो जोड कापले. निम्म्या किमतीत तीच चप्पल गल्लोगल्ली मिळायला लागल्यावर रापीकडं कोण येणार?

"पोलादाची पट्टी कमी पडली होती," हे म्हणाले. "दुसरी आणायला वेळ नव्हता. तू जेवून येशील म्हणून घाई केली. म्हणून टाच तोकडी झाली."

"मी त्या दिवशी जेवून झोपलो होतो," रापी म्हणाला. "भरपूर वेळ होता तुला."

मी ऐकत होते आणि मला माझं लग्न आठवत होतं. ह्यांनी मला दिलेली पहिली वस्तू म्हणजे त्याच चपलांचा जोड. आमच्या ह्यांच्या साच्यावर कापलेल्या म्हणून मी त्या शेजारणींना दाखवत फिरले होते. पुढची कितीतरी वर्षं तोच जोड नवा नवा घेत राहिले. प्रत्येक जोडीत टाच मागून बाहेर यायची, उन्हाळ्यात तिला भेगा पडायच्या. सासूबाई म्हणायच्या, हिचे पाय बाई रानदांडगे. मी कुठं बाहेर बसले की पाय साडीखाली ओढून घ्यायचे.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि मी जन्मभर समजत होते, माझेच पाय मोठे आहेत."

रापी आधी हसला. खोकला येईपर्यंत हसला. त्याची सून तोंडाला पदर लावून आत गेली. ह्यांना हसावं की नाही ते कळत नव्हतं.

"चुकलं माझं," हे म्हणाले.

"चुकलं ते मला तेव्हाच ठाऊक होतं. तू सांगायला येतोस का, तेवढं बघायचं होतं." त्यानं साचा पुन्हा फडक्यात गुंडाळला आणि ह्यांच्या हातात दिला. "सूनबाईनं हा घरात आणला, तेव्हा पोलादाचा जोड बघितला. कोपऱ्यात, आतल्या अंगानं. असा जोड दुसरा कुणी देत नाही. म्हटलं, राहू दे इथंच. बघू, मालक येतो का."

घरी आल्यावर मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. चोरीचा राग होताच. पण त्याहून जास्त राग वेगळाच होता. एवढी वर्षं मी रोज त्या चपला घालून ह्यांच्यासमोरून जात-येत होते. ह्यांना माझी टाच दिसत नव्हती का? तिसऱ्या दिवशी मी विचारलंच.

"दिसायची," हे म्हणाले. "रोज दिसायची."

मी चहा ठेवला आणि त्यांच्यासमोर कप आदळला. तो आदळला म्हणून त्यांना बरं वाटलं, असं मला वाटलं.

त्या दुपारी हे एकटेच जुन्या बाजाराकडं गेले आणि संध्याकाळी काखेत एक तपकिरी पुठ्ठा घेऊन आले. कडा मऊ पडलेल्या, वरचं खिळ्याचं भोक वाढून बोटाएवढं झालेलं. रापीनं तो टाकला नव्हता. द्यायला मात्र पुष्कळ आढेवेढे घेतले, दोन वेळा काढून पुन्हा पेटीत ठेवला म्हणे.

साचा करायला ह्यांना चार दिवस लागले. हात पूर्वीसारखे चालत नाहीत. पट्टी वाकवताना दोनदा फसली, दोन्ही वेळा टाकून दिली, जोडाजोड केली नाही. झाल्यावर रापीला बोलावलं. तो दुकानात आला, पण काउंटरच्या आत येईना. बाहेरच्या बाजूला उभा राहूनच त्यानं धारेवर अंगठा टेकवला, चामडं मागितलं, हातोडा मागितला. एका घावात तळवा निघाला. मला म्हणाला, "वहिनी, पाय ठेवा."

मी चपला काढल्या आणि त्या चामड्यावर पाय ठेवला. टाच आत राहिली, चहूबाजूंनी थोडी जागाही उरली.

"आता बरोबर," रापी म्हणाला.

धाकटीला हा साचाही वापरायला द्यायच्या साच्यांत ठेवायचा होता. तिनं विचारलं तेव्हा रापी म्हणाला, "ठेव. पण त्यावर नाव माझं हवं. कागद चिकटवायचा नाही. पोलादात."

ह्यांनी एकेक अक्षर छिन्नीनं ठोकलं. शेवटचं अक्षर तेवढं कलंडलं. हे म्हणाले, "थांब, दुसरा करतो." रापीनं साचा काढून घेतला. "राहू दे. मी पण आता तसाच चालतो."

आता त्या साच्यासाठी नंबर लावावा लागतो. धाकटीच्या वहीत चौदा बायकांची नावं आहेत. दर शनिवारी रापी येतो आणि नव्यानं शिकणाऱ्यांना रापी धरायला शिकवतो. दोघं मिळून चामड्यापासून हवामानापर्यंत सगळ्यावर भांडतात. साच्यावरचं नाव वाचून कुणी ना कुणी विचारतंच, हे कोण?

ह्यांच्या हातात काम असलं तरी हे ते खाली ठेवतात. उस्तादापासून सुरुवात करतात. सायकल येते, सिनेमातल्या रिकाम्या खुर्च्या येतात, आणि ती दुपारही येते. ती हे कधी वगळत नाहीत. गिऱ्हाईक खांद्यावरची पिशवी सावरत एका पायावरून दुसऱ्या पायावर होतं. धाकटी काउंटरवरून मला डोळ्यांनी खुणावते, बाबांना आवर म्हणून. मी खुणेकडं लक्ष देत नाही. आलेल्या बाईपुढं स्टूल तेवढं सरकवते.